हेवीझचे उष्ण तळे : पावसाच्या पाण्याचा भूगर्भातील प्रवास

मध्य युरोपातील हंगेरी या देशात बालातोन नावाचे सुमारे ५९४ चौरस किलोमीटर विस्ताराचे एक विशाल पण उथळ सरोवर असून, कडाक्याच्या हिवाळ्यात त्याच्या पृष्ठभागावर माणसांना चालता येईल इतका जाड बर्फ धरतो. या सरोवराच्या पश्चिम टोकाला केस्टहेय हे जुने शहर आहे आणि तेथून सहा-सात किलोमीटरवर हेवीझ नावाचे, जेमतेम साडेचार हजार वस्तीचे छोटे स्नाननगर वसलेले आहे. या नगराच्या मधोमध सुमारे ४.४ हेक्टरांचे, म्हणजे जवळपास ११ एकरांचे एक नैसर्गिक तळे आहे. जानेवारीत हवेचे तापमान शून्याच्या आसपास घुटमळत असताना आणि शेजारचे बालातोन गोठलेले असताना, या तळ्यातून मात्र वाफ उठत असते आणि त्यात माणसे शांतपणे तरंगत असतात. हिवाळ्यात तळ्याचे तापमान साधारणपणे २३ ते २५ अंश सेल्सिअसच्या खाली जात नाही, आणि उन्हाळ्यात ते ३५ अंशांच्या पुढे चढते.

हंगेरीत आज एकही जागृत ज्वालामुखी नाही, आणि हेवीझच्या परिसरात तळ्याचे पाणी तापवणारी कोणतीही कृत्रिम यंत्रणा नाही. मग एवढे पाणी, तेही बाराही महिने, तापते कसे? महाराष्ट्रातील वाचकांना हे कोडे अगदीच अपरिचित नाही, कारण वज्रेश्वरी, गणेशपुरी, उन्हेरे, तुरळ आणि उन्हवरे येथील ऊन पाण्याच्या कुंडांकडे पाहताना हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. हेवीझच्या तळ्याचा अभ्यास अनेक दशके बारकाईने झालेला असल्यामुळे, ज्वालामुखीविना तापणारे पाणी समजून घेण्यासाठी ते एक उत्तम उदाहरण ठरते.

गंधक नव्हे, ज्वालामुखीही नव्हे

ऊन पाण्याच्या झऱ्यांविषयी सर्वांत रूढ समजूत अशी, की पाण्यातील गंधकामुळे ते तापते. झऱ्याजवळ येणारा कुजक्या अंड्यासारखा वास या समजुतीला बळ देतो. हा वास हायड्रोजन सल्फाइड नावाच्या वायूचा असतो, आणि तो पाण्यात निर्माण होण्याची कारणे वेगळी आहेत. खडकांतील सल्फेट, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन यांची संयुगे, पाण्यात विरघळतात आणि जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही अशा खोल जागी किंवा चिखलात राहणारे काही सूक्ष्मजीव त्या संयुगांपासून हा वायू तयार करतात. प्रति लिटर काही मिलिग्रॅम इतक्या अल्प प्रमाणात असलेली ही संयुगे हजारो लिटर पाणी तापवण्याइतकी उष्णता देऊच शकत नाहीत. गंधकाचा वास असलेले थंड झरेही जगात आहेत, आणि वास नसलेले उष्ण झरेही आहेत. गंधक हे पाण्याच्या प्रवासात त्यात मिसळलेले द्रव्य आहे. पाणी तापण्याचे ते कारण नाही.

दुसरी समजूत ज्वालामुखीची. आइसलँड किंवा जपान येथील अनेक उष्ण झऱ्यांच्या बाबतीत ती खरी आहे, कारण तेथे वितळलेला शिलारस पृष्ठभागापासून फार दूर नाही. कोकणात मात्र ती लागू पडत नाही, कारण दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बाहेर पडला आणि त्याची उष्णता केव्हाच निवून गेली. हंगेरीतही जुन्या ज्वालामुखींचे अवशेष दिसतात. बालातोनच्या उत्तर काठावरील माथा सपाट असलेल्या टेकड्या त्याची साक्ष देतात. परंतु तेही लक्षावधी वर्षांपूर्वी शांत झाले. तेव्हा उष्णतेचा स्रोत अन्यत्र शोधावा लागतो, आणि तो पृथ्वीच्या पोटातील सर्वसाधारण उष्णतेत सापडतो.

पातळ कवच आणि गाळाचे जाड थर

पृथ्वीच्या पोटात खोल जावे तसतसे तापमान वाढत जाते. या उष्णतेचा काही भाग पृथ्वीच्या जन्मकाळापासून शिल्लक राहिलेला आहे आणि काही भाग युरेनियम, थोरियम व पोटॅशियम या मूलद्रव्यांच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून, म्हणजे त्यांचे अणू आपोआप फुटत राहण्यातून, सतत निर्माण होत असतो. खोलीनुसार तापमान वाढण्याच्या या दराला भूऔष्णिक प्रवणता असे म्हणतात. जगभरात ती सरासरीने दर किलोमीटरला २५ ते ३० अंश इतकी असते, तर हंगेरीच्या बऱ्याच भागात ती ४५ ते ५० अंशांच्या घरात आहे. मुंबईच्या उपनगरी गाड्या जेवढे अंतर काही मिनिटांत कापतात, तेवढ्या दोन किलोमीटर खोलीवर तेथील खडकांचे तापमान १०० अंशांच्या आसपास असते.

या वेगळेपणाचे कारण हंगेरीच्या भूरचनेत आहे. पूर्वेला व उत्तरेला कार्पेथियन पर्वत, पश्चिमेला आल्प्स आणि दक्षिणेला दिनारिक पर्वत यांनी वेढलेल्या या सखल प्रदेशाला पॅनोनियन खोरे म्हणतात. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीपासून भूगर्भातील हालचालींमुळे हा प्रदेश ताणला गेला आणि ताणला गेल्यामुळे त्याखालचे भूकवच पातळ झाले. खंडांखालील भूकवचाची जाडी सर्वसाधारणपणे ३५ ते ४० किलोमीटर असते. पॅनोनियन खोऱ्याखाली ती बऱ्याच ठिकाणी २५ ते ३० किलोमीटरच भरते. भूकवचाखालच्या प्रावरण नावाच्या अतितप्त थराला त्यामुळे पृष्ठभागापर्यंतचे अंतर कमी पडते आणि तेथून वर झिरपणारी उष्णता तुलनेने अधिक असते.

याला आणखी एका गोष्टीची जोड मिळाली. ताणल्यामुळे खचलेल्या या खोऱ्यात पुढे समुद्राचे पाणी आणि नंतर पॅनोन नावाने ओळखले जाणारे एक प्रचंड सरोवर पसरले, आणि त्याच्या तळाशी वाळू, माती व चिकणमाती यांचा गाळ साचत गेला. काही ठिकाणी हा गाळ कित्येक किलोमीटर जाड आहे. चिकणमाती ही उष्णतेची मंदवाहक असल्यामुळे खालून येणारी उष्णता सहज निसटून जात नाही आणि गाळाखालचे खडक अधिक तापलेले राहतात. पातळ कवचामुळे उष्णतेची आवक वाढते आणि जाड गाळामुळे तिची गळती मंदावते, अशा दुहेरी कारणाने हंगेरीची भूमी युरोपातील इतर बऱ्याच प्रदेशांपेक्षा आतून अधिक उबदार राहिली आहे.

पाऊस खाली उतरतो, ऊन पाणी वर येते

तापलेला खडक एकटा असून भागत नाही. ती उष्णता वर आणणारे पाणीही लागते. हेवीझच्या बाबतीत हे पाणी पावसाचेच आहे. तळ्याच्या जवळ केस्टहेयच्या टेकड्या आहेत आणि ईशान्येला बाकोन्यची डोंगररांग पसरलेली आहे. या डोंगरांतील मुख्य खडक डोलोमाइट आणि चुनखडक हे असून, ते २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या ट्रायासिक काळात उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाले. पावसाच्या पाण्यात हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने ते किंचित आम्लधर्मी होते आणि असे पाणी या खडकांना हळूहळू विरघळवते. लाखो वर्षांत भेगा रुंदावतात, त्यांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा होतात आणि संपूर्ण डोंगर आतून सच्छिद्र होतो. अशा भूरूपाला कार्स्ट म्हणतात. कार्स्ट प्रदेशात पाऊस पृष्ठभागावरून वाहून जाण्याऐवजी मोठ्या प्रमाणावर जमिनीत शिरतो.

हे पाणी भेगांमधून खोल उतरत जाते. हंगेरीच्या या भागात पृष्ठभागाचे वार्षिक सरासरी तापमान १० ते ११ अंश आहे. तेथून पाणी ४० अंशांपर्यंत तापायचे असेल, तर दर किलोमीटरला ४५ अंशांच्या हिशेबाने त्याला किमान साडेसहाशे ते सातशे मीटर खोल जावे लागते. आणि वर येताना वाटेतील थंड खडकांना ते काही उष्णता देऊन टाकत असल्यामुळे प्रत्यक्षात ते याहून खोल गेलेले असले पाहिजे. या प्रवासाला हजारो वर्षे लागतात. आज हेवीझमध्ये ज्या पाण्यात माणसे स्नान करतात, त्यातील उष्ण भाग पाऊस म्हणून पडला तेव्हा मानवाच्या शेतीला नुकती कुठे सुरुवात होत होती.

खोल गेलेले पाणी परत वर का येते, याची दोन कारणे आहेत. पहिले कारण दाबाचे आहे. पाणी जिथे शिरते ते डोंगर उंचावर आहेत आणि जिथे बाहेर पडते ते तळे सखल भागात आहे. दोहोंना जोडणारी भेगांची वाट पाण्याने पूर्ण भरलेली असल्यामुळे उंचावरील पाण्याचे वजन सखल टोकाच्या पाण्याला वर ढकलते. दुसरे कारण घनतेचे आहे. दहा अंशांवरील एक लिटर पाण्यापेक्षा चाळीस अंशांवरील एक लिटर पाणी सुमारे साडेसात ग्रॅमने हलके असते. हा फरक लहान वाटला तरी शेकडो मीटर उंचीच्या जलस्तंभात तो साठत जातो आणि उष्ण पाण्याला चढण्यास मदत करतो. या दोन्ही बलांना मोकळी वाट मिळते ती भ्रंशांमधून, म्हणजे खडक तुटून सरकल्यामुळे तयार झालेल्या खोल भेगांमधून. हेवीझ अशाच भेगांच्या जागी वसलेले आहे.

तळाच्या गुहेतील विसण

तळ्याचा तळ सपाट नसून मध्यभागी तो नरसाळ्यासारखा खोल होत जातो. सुमारे ३८ मीटर खोलीवर वालुकाश्मात कोरली गेलेली एक गुहा आहे. तिचे खरे स्वरूप १९७५ मध्ये पाणबुड्यांनी आत शिरून केलेल्या पाहणीत स्पष्ट झाले. त्या पाहणीतून एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली, ती अशी की गुहेत येणारे पाणी एकाच तापमानाचे नाही. एका बाजूने सुमारे ४० अंशांचे उष्ण पाणी येते, तर दुसऱ्या बाजूने सुमारे २६ अंशांचे कोमट-थंड पाणी येते. उष्ण पाणी फार खोल फिरून आलेले असते आणि थंड पाणी त्यामानाने उथळ वाटेने, लवकर आलेले असते.

मराठी घरांत अंघोळीच्या कढत पाण्यात थंड पाणी मिसळून ते अंगाला सोसेल असे करतात आणि त्या मिसळायच्या थंड पाण्याला विसण म्हणतात. हेवीझच्या गुहेत हे काम निसर्गच अखंड करत आलेला आहे. मिसळलेले पाणी साधारण ३८ ते ३९ अंशांचे होऊन गुहेच्या मुखातून वर उसळते. मिश्रणाचे तापमान उष्ण पाण्याच्या इतके जवळ आहे, यावरून उष्ण पाण्याचा वाटा बराच मोठा आणि थंड पाण्याचा वाटा लहान आहे हेही लक्षात येते. खोलीतील दोन वेगळ्या वाटा एकाच गुहेत येऊन मिळतात, ही बाब पुढे तळ्याच्या संरक्षणाच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते, कारण यांपैकी कोणत्याही वाटेवरील प्रवाह कमी-अधिक झाला तर तळ्याचे तापमान बदलू शकते.

हिवाळ्यात तळे गोठत का नाही?

गुहेतून दर सेकंदाला सुमारे ४०० लिटर पाणी बाहेर पडते. दिवसाचा हिशेब केला तर हे प्रमाण साडेतीन कोटी लिटरच्या जवळ जाते, आणि या गतीने संपूर्ण तळ्याचे पाणी साधारण तीन दिवसांत बदलते. जुने पाणी एका कालव्यातून बाहेर वाहते. तळ्यातील पाणी स्वच्छ राहण्याचे हे मुख्य कारण आहे. त्याला स्वतंत्र शुद्धीकरणाची आवश्यकता भासत नाही.

तळ्याच्या तापमानाचे गणित जमाखर्चाचे आहे. जमा म्हणजे गुहेतून येणारी उष्णता. खर्च म्हणजे पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन, थंड हवेशी होणारा संपर्क आणि आकाशाकडे होणारे उष्णतेचे प्रारण. हिवाळ्यात ३८ अंशांनी आलेले पाणी २५ अंशांनी बाहेर पडत असेल, तर प्रत्येक लिटर पाणी तळ्यात असताना १३ अंशांची उष्णता गमावते. दर सेकंदाच्या ४०० लिटरमागे ही उष्णता दोन कोटी वॅटहून अधिक भरते. एवढी ऊर्जा रात्रंदिवस हवेत जात असूनही तळे गोठत नाही, याचे कारण तेवढीच ऊर्जा खालून सतत भरून येत असते. बालातोनला अशी जमा नसल्यामुळे थंडीत त्याची शिल्लक संपते आणि ते गोठते.

या गणितातील खर्च कमी ठेवण्याची व्यवस्थाही हेवीझमध्ये जाणीवपूर्वक केलेली आहे. तळ्याभोवती दाट झाडीचा पट्टा राखला आहे. वारा पृष्ठभागावरील दमट हवा वाहून नेतो तेव्हा बाष्पीभवन वाढते आणि पाणी लवकर थंड होते. झाडी वाऱ्याला अडवते आणि ही गळती कमी करते. थंड सकाळी तळ्यावर दिसणारे धुके हेही याच बाष्पीभवनाचे रूप आहे. उष्ण पृष्ठभागावरून निघालेली अदृश्य वाफ थंड हवेत मिसळताच तिचे सूक्ष्म थेंब होतात आणि ते धुक्यासारखे दिसतात.

ऊन पाण्याची दोन कुळे

हंगेरीतील सर्व उष्ण पाणी हेवीझसारखे नाही. ते ढोबळमानाने दोन कुळांत विभागता येते, आणि हा फरक समजला की त्या देशातील स्नाननगरे एकमेकांपासून वेगळी का आहेत हे कळते.

पहिले कूळ कार्स्टचे. हेवीझ आणि बुडापेस्टमधील प्रसिद्ध स्नानगृहे यांना चुनखडक व डोलोमाइट यांच्या भेगांतील पाणी मिळते. हे पाणी पावसाने पुन्हा भरून निघते आणि त्यात प्रामुख्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट असतात, कारण डोलोमाइट हा खडक मुळातच कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या कार्बोनेटपासून बनलेला असतो. बुडापेस्टमध्ये विल्मोश झिग्मोंदी या खाण-अभियंत्याने शहर उद्यानात खोदलेली विहीर १८७८ मध्ये ९७० मीटर खोलीपर्यंत पोहोचली आणि तिच्यातून सुमारे ७४ अंशांचे पाणी वर आले. पुढे १९१३ मध्ये त्याच परिसरात सेचेन्यी स्नानगृह उभे राहिले.

दुसरे कूळ गाळातील पाण्याचे. पूर्व हंगेरीच्या सपाट मैदानातील हायदूसोबोस्लो या गावी फेरेन्त्स पावाई-वाय्ना या भूवैज्ञानिकाच्या मार्गदर्शनाखाली नैसर्गिक वायूच्या शोधात खोदकाम चालू होते. १९२५ च्या ऑक्टोबरमध्ये १,०९१ मीटर खोलीवरून सुमारे ७३ अंशांचे खारट, तपकिरी छटेचे पाणी उसळून वर आले आणि शेतीवर जगणाऱ्या त्या गावाचे भवितव्य बदलले. हे पाणी प्राचीन गाळातील वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत अडकलेले असून त्यात मीठ, आयोडीन व ब्रोमीन यांचे प्रमाण लक्षणीय आहे. वर चिकणमातीचे जाड थर असल्यामुळे नवे पाणी तेथपर्यंत अत्यंत सावकाश पोहोचते. म्हणून अशा साठ्यांतून बेसुमार उपसा केला की दाब घटतो आणि विहिरींचे पाणी खोल जाते. वापरून झालेले पाणी पुन्हा जमिनीत सोडण्याची, म्हणजे पुनर्भरणाची पद्धत त्यामुळेच महत्त्वाची ठरते. दक्षिण हंगेरीतील सेगेद शहरात घरे तापवण्यासाठी भूऔष्णिक पाण्याचा मोठ्या प्रमाणावर उपयोग सुरू झाला आहे, आणि तेथेही उष्णता काढून घेतलेले पाणी भूगर्भात परत सोडण्यावर भर आहे.

पाण्यात उतरलेले शरीर

हेवीझला येणाऱ्यांत सांधेदुखी, पाठदुखी आणि मणक्यांचे विकार असलेल्यांचे प्रमाण मोठे असते. ऊन पाण्याने बरे वाटते, या अनुभवामागे काही साध्या भौतिक क्रिया आहेत.

पहिली क्रिया उत्प्लावनाची. पाण्यात बुडालेल्या वस्तूला ती जितके पाणी बाजूला सारते तितक्या पाण्याच्या वजनाएवढा आधार मिळतो. माणूस मानेपर्यंत पाण्यात असेल तर त्याला स्वतःचे वजन मूळच्या सुमारे एक-दशांश इतकेच जाणवते. गुडघे, खुबे आणि कंबर यांच्यावरील भार हलका झाल्यामुळे जमिनीवर दुखणारी हालचाल पाण्यात सहज करता येते. दुसरी क्रिया जलदाबाची. पाण्यात एक मीटर खोलीवर वातावरणाच्या दाबाच्या एक-दशांश इतका अधिक दाब असतो. तो पायांतील शिरांमधील रक्त वर ढकलतो, छातीकडे येणाऱ्या रक्ताचे प्रमाण सुमारे अर्धा ते पाऊण लिटरने वाढते आणि पायांवरील सूज उतरण्यास मदत होते. तिसरी क्रिया उष्णतेची. ऊबेमुळे त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, स्नायूंचा ताठरपणा कमी होतो आणि वेदनेची जाणीव मंदावते.

याच तत्त्वांवर हेवीझमध्ये कारोय मोल या डॉक्टरांनी १९५३ मध्ये भारस्नान ही उपचारपद्धती विकसित केली. या पद्धतीत रुग्णाला मानेजवळ किंवा काखेत आधार देऊन ऊन पाण्यात उभे लटकवतात आणि कमरेला किंवा घोट्यांना शिशाची वजने बांधतात. ऊबेमुळे सैल झालेल्या पाठीच्या स्नायूंचा विरोध कमी होतो आणि हलका ताण मणक्यांमधील चकत्यांवरील दाब कमी करतो. तळ्याच्या तळाशी असलेला मऊ, पिटयुक्त चिखलही, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेला गाळ, उपचारांसाठी वापरला जातो. तो उष्णता दीर्घकाळ धरून ठेवतो आणि ती शरीराला सावकाश देतो.

ऊन पाण्याच्या स्नानाने गुडघ्यांच्या झिजेतील वेदना कमी होतात, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे. मात्र अशा चाचण्यांतील रुग्णांची संख्या बहुधा लहान असते, आणि रुग्णाला आपण ऊन पाण्यात आहोत हे कळणारच असल्यामुळे औषधांच्या चाचण्यांसारखी काटेकोर तुलना करणे कठीण जाते. म्हणून वेदना कमी करणारा आणि हालचाल सुकर करणारा पूरक उपचार, एवढेच स्थान ऊन पाण्याला देणे न्याय्य आहे; झिजलेला सांधा त्याने पुन्हा नवा होत नाही. छातीकडे जाणारे अधिकचे रक्त आणि उष्णता यांमुळे हृदयावरील काम वाढते. म्हणूनच हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी आणि गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय पाण्यात उतरू नये, आणि निरोगी माणसानेही एका वेळी अर्ध्या तासाहून अधिक काळ पाण्यात राहू नये.

नगर, तळे आणि भारतातून गेलेले फूल

हेवीझचे स्नाननगर म्हणून रूप घडू लागले ते १८ व्या शतकाच्या अखेरीस. केस्टहेयचे जमीनदार काउंट द्यॉर्द्य फेश्टेटिच यांनी १७९५ मध्ये येथे स्नानाच्या पहिल्या बांधीव सोयी करवून घेतल्या. त्यांनीच १७९७ मध्ये केस्टहेय येथे गेओर्गिकोन ही कृषिशाळा स्थापन केली, जी युरोपातील आरंभीच्या उच्च कृषिशिक्षण संस्थांपैकी एक आहे. पुढे तळ्याच्या मध्यभागी खांबांवर इमारती उभ्या राहिल्या आणि काठापासून तेथपर्यंत झाकलेला मार्ग तयार झाला, त्यामुळे हिवाळ्यातही थंड हवेत फार वेळ न काढता पाण्यात उतरता येते. तळे बहुतेक ठिकाणी पुरुषभर उंचीपेक्षा खोल आहे, म्हणून येथे येणारे लोक पोहण्यापेक्षा रबरी कडे घेऊन तरंगणे पसंत करतात. पाण्यातील सल्फाइडची चांदीशी रासायनिक क्रिया होऊन तिच्यावर काळा थर चढतो, त्यामुळे चांदीचे दागिने काठावर ठेवणे इष्ट ठरते.

तळ्यावर उन्हाळ्यापासून शरद ऋतूपर्यंत फुलणारी लाल कुमुदे ही आज हेवीझची सर्वांत ठळक ओळख आहे. ही फुले मूळची हंगेरीची नाहीत. केस्टहेयच्या कृषी अकादमीतील निसर्गशास्त्राचे प्राध्यापक शांदोर लोवाशी यांनी १८९८ च्या सुमारास भारतीय वंशाचे लाल कुमुद येथे लावले. उष्ण कटिबंधातील ही वनस्पती युरोपच्या उघड्या पाण्यात एरवी हिवाळा काढू शकत नाही, परंतु हेवीझच्या तळ्याचा उष्णतेचा जमाखर्च तिला मानवला आणि ती रुजली. तळ्यातून निघणाऱ्या कालव्याचे पाणीही काही अंतरापर्यंत कोमट राहते, त्यामुळे तेथे उष्ण प्रदेशातील काही मासे टिकून राहिलेले आढळतात. शोभेचे मासे किंवा वनस्पती तेथे आणून सोडणे मात्र स्थानिक जीवांना बाधक असते, आणि पाहुण्यांनी ते कटाक्षाने टाळले पाहिजे.

चौकट : थोडक्यात

• हेवीझचे पाणी गंधकाने किंवा ज्वालामुखीने तापत नाही. ते पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते.
• पॅनोनियन खोऱ्याखालील भूकवच पातळ आणि वरचा गाळ जाड असल्यामुळे तेथे खोलीनुसार तापमान जगाच्या सरासरीपेक्षा वेगाने वाढते.
• डोंगरांवरील पाऊस डोलोमाइट व चुनखडकाच्या भेगांतून खोल जातो, हजारो वर्षांनी तापून भ्रंशांमधून वर येतो.
• सुमारे ३८ मीटर खोलीवरील गुहेत उष्ण व थंड पाण्याचे मिश्रण होते आणि दर सेकंदाला सुमारे ४०० लिटर पाणी बाहेर पडते.
• स्नानाचे लाभ उत्प्लावन, जलदाब आणि ऊब यांतून मिळतात. हा पूरक उपचार आहे, रोगमुक्तीची हमी नव्हे.

खाणीने शिकवलेला धडा

हेवीझपासून सरळ रेषेत सुमारे ३० किलोमीटरवर न्यिराद नावाचे गाव आहे. तेथील भूमीत बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज, सापडते आणि २० व्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे मोठ्या प्रमाणावर खाणकाम चालले. खनिजाचे थर भूजलाच्या पातळीखाली असल्यामुळे खाणी कोरड्या ठेवण्यासाठी वर्षानुवर्षे प्रचंड प्रमाणात पाणी उपसावे लागले. हे पाणी कार्स्टमधले होते, आणि केस्टहेयच्या टेकड्यांपासून बाकोन्यपर्यंतचा कार्स्ट भेगांच्या जाळ्याने दूरवर जोडलेला आहे. उपसा होतो तेथे भूजलाची पातळी खोलगट होते आणि भोवतालचे पाणी तिकडे वळते. ज्या दाबाने हेवीझच्या गुहेत पाणी चढत होते तो दाबच उतरू लागला. तळ्याला मिळणारा प्रवाह लक्षणीय घटला आणि त्याच्या तापमानाविषयीही चिंता निर्माण झाली.

अभ्यासक, डॉक्टर आणि नागरिक यांनी या संबंधाकडे सातत्याने लक्ष वेधले. अखेर १९९० मध्ये न्यिरादच्या खाणीतील काम थांबवण्यात आले, आणि हेवीझच्या तळ्याची सुरक्षितता हे त्या निर्णयामागील एक महत्त्वाचे कारण होते. त्यानंतर कार्स्टमधील पाण्याची पातळी वर्षागणिक सावरत गेली आणि तळ्याचा प्रवाहही सुधारला. याच डोंगराळ पट्ट्याच्या ईशान्य टोकाकडील तता या शहरातील झरे कोळशाच्या खाणींमुळे पूर्णपणे आटले होते. खाणकाम थांबल्यानंतर तेही २००० नंतरच्या काळात पुन्हा वाहू लागले. मात्र सावरण्यास दशके लागली, कारण भेगांचे एवढे मोठे जाळे पावसाने पुन्हा भरायला वेळ लागतो.

या घटनाक्रमातून उष्ण झऱ्यांविषयी एक व्यवहार्य नियम हाती येतो. झऱ्याच्या कुंडाला कुंपण घातले किंवा काठावर घाट बांधला म्हणजे झऱ्याचे रक्षण होते असे नाही. ज्या डोंगरावर पाऊस मुरतो तो डोंगर, ज्या भेगांतून पाणी जाते ते खडक आणि आसपासच्या विहिरी, कूपनलिका व खाणी यांतून होणारा उपसा, या सर्वांचा विचार एकत्र करावा लागतो. कोकणातील कुंडांची भूरचना हेवीझपेक्षा निराळी आहे. तेथे चुनखडकाऐवजी बेसाल्टच्या भेगांतून पाणी फिरते. पण जमिनीत मुरलेल्या पावसावर आणि भेगांतील दाबावर अवलंबून असणे हे दोन्हीकडे सारखेच आहे. म्हणून अशा झऱ्यांजवळ खोल कूपनलिका घेण्यापूर्वी झऱ्याचा प्रवाह आणि तापमान यांची नियमित नोंद ठेवली जावी, आणि त्या नोंदी पाहूनच उपशाला परवानगी दिली जावी. खाण बंद झाल्यावर हेवीझमध्ये जे अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर सावरले, ते आधीच मोजमाप ठेवून जपणे कितीतरी स्वस्त आणि सोपे आहे.